बुडत्या संघाचा धनी कोण?

मीरा रोड-भाईंदरच्या ज्या विद्यार्थ्याला संडरलँड हे शहर नकाशावर चटकन दाखविता येणार नाही, त्यालाही त्या शहराचा फुटबॉल संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला म्हणून हळहळ वाटावी, ही किमया एका माहितीपट-मालिकेने केली आहे. ‘संडरलँड टिल आय डाय’ या नावाची ही मालिका डिसेंबर २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर प्रथम आली. २०२० आणि २०२४ साली तिचे पुढील भाग आले. विजयी वीरांच्या कथा जगात उदंड आहेत. येथे मात्र नायक हरतो, पुन्हा हरतो आणि प्रेक्षक तरीही जागचा उठत नाही. ही सहानुभूती खोटी नव्हे. परंतु ती इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यापर्यंत इतक्या सहजतेने पोहोचते आणि कूपरेजवर किंवा अंधेरीस खेळणाऱ्या संघांच्या वाट्याला का येत नाही, याचा विचार करावयास हवा.

मालिकेचे निर्माते स्वतः या संघाचे चाहते. त्यांच्या ‘फुलवेल ७३’ या संस्थेच्या नावातच जुन्या मैदानातील फुलवेल बाजूची आणि १९७३ साली जिंकलेल्या एफ. ए. चषकाची स्मृती आहे. २०१७ साली सर्वोच्च श्रेणीतून घसरलेला संघ वर्षभरात परत वर जाईल, तो प्रवास चित्रित करावा, अशी त्यांची आशा होती. प्रत्यक्षात कॅमेऱ्यापुढे घडली ती दुसरी घसरण. पहिल्याच भागात चर्चमधील धर्मगुरू संघासाठी प्रार्थना करताना दिसतो. परक्याला हे हास्यास्पद वाटेल. पण संडरलँडची जहाजबांधणी १९८८ मध्ये संपली, मंकवेअरमथची कोळसा खाण १९९३ मध्ये बंद झाली आणि त्याच खाणीच्या जागेवर १९९७ मध्ये आजचे क्रीडांगण उभे राहिले, हे ध्यानात घेतले की त्या प्रार्थनेचा अर्थ उलगडतो. जेथे बापजादे पाळीवर जात, तेथेच मुले-नातवंडे सामन्याला जमतात. गावाजवळ सामुदायिक असे दुसरे फारसे काही उरलेले नाही. (गिरणगावातील गिरण्यांच्या जमिनीवर काय उभे राहिले, हे मुंबईकराला सांगावयास नको. तेथून उठलेल्या कित्येक कुटुंबांना पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे कोठवर जावे लागले, हेही मीरा-भाईंदरला ठाऊक आहे.)

या चाहत्यांच्या प्रतिक्रिया पाहण्यासारख्या आहेत. ते रडतात, शिव्या घालतात, मालकाने तिजोरीचे तोंड बंद केले म्हणून संतापतात. जॅक रॉडवेल या खेळाडूचे वेतन आठवड्याला सुमारे ७० हजार पौंड असल्याचे तेथील वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. संघ घसरला तरी तो करार सोडावयास तयार नाही, याचा त्यांना विलक्षण राग. दुसऱ्या पर्वात नवे मालक येतात. सामन्यापूर्वीचे संगीत बदलून मैदानात नृत्यशाळेचा माहोल आणू पाहणारे संचालक आणि जानेवारी २०१९ मध्ये मुदत संपता संपता विल ग्रिग या एका आघाडीच्या खेळाडूसाठी बोली वाढवीत नेणारे मालक पाहून चाहत्याने कपाळाला हात लावला नसता तरच नवल. आणि तरीही, तिसऱ्या श्रेणीत गटांगळ्या खाणाऱ्या या संघाचा २६ डिसेंबर २०१८ चा सामना पाहावयास ४६,०३९ माणसे आली होती. माल बिघडला की गिऱ्हाईक कमी होते, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा येथे खोटा ठरतो.

ॲल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच प्रश्नाची मांडणी केली होती. एखादी संस्था बिघडू लागली की तिच्या ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: निघून जावे किंवा आवाज उठवावा. निष्ठा ही पहिल्या मार्गावर पाय रोवून उभी राहते आणि दुसऱ्याला बळ देते. साबण न आवडला तर दुसरा आणता येतो. संडरलँडचा मनुष्य न्यूकॅसलचा पाठीराखा होऊ शकत नाही. म्हणून त्याच्याजवळ उरतो तो केवळ आवाज. मालिकेने त्याचा आवाज जगभर नेला खरा, परंतु संघाच्या कारभारात त्याचे वजन त्यामुळे रतिभरही वाढले नाही. उलट एक नवीनच प्रकार घडला. चाहता आजवर तिकिटाचा ग्राहक होता. आता त्याचे अश्रू हाही विक्रीचा माल झाला, आणि त्याचे मोल त्याच्या पदरात पडत नाही.

याच्या शेजारी रेक्सहॅमचे उदाहरण ठेवावे. वेल्समधील हा संघ २०११ पासून चाहत्यांच्याच न्यासाच्या मालकीचा होता. दोन चित्रपट-अभिनेत्यांनी तो मागितला तेव्हा नोव्हेंबर २०२० मध्ये सभासदांचे मतदान झाले आणि ९८.६ टक्क्यांनी विक्रीस संमती दिली. त्यांच्यावरही पुढे मालिका निघाली, ती गाजली, आणि २०२३ पासून संघाने लागोपाठ तीन वर्षे वरची श्रेणी गाठली. यश हा येथे मुद्दा नाही. यश संडरलँडलाही मिळाले, २०२५ च्या मे महिन्यात तो संघ सर्वोच्च श्रेणीत परतला. मुद्दा असा की, रेक्सहॅममध्ये संघ विकण्यापूर्वी त्याच्या चाहत्यांना विचारावे लागले.

आता मुंबईकडे वळू. महिंद्र युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २०१० मध्ये कंपनीने तो विसर्जित केला. शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यावयाचे आहे, असे कारण सांगण्यात आले. २००७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफ. सी.ची कथा तर अधिकच नाट्यमय. अनेक वर्षे हा संघ तुटपुंज्या बळावर तगवून धरणारे प्रशिक्षक खालिद जमील २०१६ मध्ये तेथून गेले आणि पुढच्याच हंगामात त्यांनी मिझोरामच्या आयझॉल संघाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. त्याच हंगामात मुंबई एफ. सी. तळाशी राहिली, खालच्या श्रेणीत गेली आणि लवकरच तिचे अस्तित्व संपले. जमील २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारताचे राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. याहून चांगले कथानक कोणत्या माहितीपटकाराला हवे? पण या पराभवाचे चित्रण करावयास कोणी आले नाही. पुण्याचा प्रकार आणखी विलक्षण. एफ. सी. पुणे सिटी २०१९ मध्ये संपली, तिच्या जागी हैदराबाद आले. आणि २०२५ मध्ये हैदराबादचा संघ दिल्लीस गेला. हर्शमनच्या मांडणीत निघून जाण्याचा विचार ग्राहक करतो. आपल्याकडे ग्राहक जागेवरच असतो, दुकान उठून जाते.

मुंबई सिटीच्या चाहत्यांनी गेल्या काही महिन्यांत हेच अनुभवले. २०२०-२१ मध्ये साखळीतील अग्रस्थान आणि विजेतेपद असा दुहेरी मान मिळविणारा हा संघ संडरलँडप्रमाणे दुबळा मुळीच नव्हे. तथापि महासंघ आणि स्पर्धेचे आयोजक यांच्यातील करार संपत आल्याने जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगच स्थगित झाली आणि डिसेंबरात, या अनिश्चिततेचे कारण देऊन, २०१९ पासून ६५ टक्के हिस्सा बाळगणारा सिटी फुटबॉल समूह बाहेर पडला. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून स्पर्धा सुरू होईल असे जाहीर केले, तोवर चाहत्याने काय करावयाचे होते? मीरा रोडहून धीम्या लोकलने अंधेरी हे आठवे स्थानक. कचेरीतून सुटून उलट दिशेच्या गर्दीतून सामन्याला जाणारा आणि रात्री उशिरा घरी परतणारा कारकून या सर्व व्यवहारात कोणत्याच कागदावर पक्षकार नाही.

महाराष्ट्रात याला एक अपवाद आहे, तो कोल्हापूरचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालीम मंडळांची नावे. हे संघ पेठांचे आहेत. शाहू स्टेडियममध्ये आपली पेठ हरली म्हणून कोणी ती विकावयास काढीत नाही. पुढच्या हंगामात तीच पेठ पुन्हा मैदानात उतरते. या निष्ठेची दुसरी बाजूही आहे. हुल्लडबाजीने सामने थांबवावे लागल्याचे प्रसंग तेथे घडले आहेत, आणि पेठेच्या वर्गणीवर राष्ट्रीय पातळीचा संघ चालविणे अशक्यप्राय आहे. तेव्हा कोल्हापूरची नक्कल मुंबईने करावी असे कोणी म्हणणार नाही. भांडवल लागणारच, आणि तोटा सोसणाऱ्या मालकाला बाहेर पडण्याचा अधिकार नाकारता येणार नाही. चाहते भावनेच्या भरात कारभार करतील ही भीतीही अगदीच निराधार नाही. पण संडरलँडच्या मालकांनी तो कोणत्या थंड डोक्याने केला, हे मालिकेतच दिसते.

मालकाने जावे, परंतु नाव, रंग आणि मैदान घेऊन जाऊ नये, एवढी मागणी गैरवाजवी नाही. इंग्लंडने २०२५ च्या कायद्यान्वये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला असून संघाचे बोधचिन्ह, रंग, मैदान यांसारख्या गोष्टींत चाहत्यांचे मत घेण्याचे बंधन घातले आहे. आपल्या संसदेनेही त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. त्यात महासंघांच्या कार्यकारिणीवर नामवंत खेळाडूंना जागा मिळाल्या, हे योग्यच झाले. चाहत्यांना मात्र जागा मिळाली नाही.

दिल्लीची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल ही मुंबई महानगरपालिकेची, म्हणजे करदात्यांची मालमत्ता आहे. संघ विकावयाचा, हलवावयाचा किंवा बंद करावयाचा असेल तर चाहत्यांच्या नोंदणीकृत संस्थेला एक हंगाम आधी लेखी सूचना द्यावी, हिशेब दाखवावा आणि संघाचे नाव व रंग विकत घेण्याची पहिली संधी तिला द्यावी, अशी अट मैदान देतानाच्या करारात महापालिका घालू शकते. त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही.