कॉम्रेड शरद पाटील : शताब्दी झाली, हिशेब बाकी आहे

कॉम्रेड शरद पाटील यांचा जन्म १७ सप्टेंबर १९२५ चा, धुळ्याचा. १२ एप्रिल २०१४ रोजी धुळ्यातच त्यांचा जीवनप्रवास संपला. त्यांच्या जन्माला २०२५ मध्ये शंभर वर्षे झाली, आणि शताब्दीला साजेशी भाषणेही झाली. परंतु खानदेशात ज्यांना श्रमिकांचे काम करावयाचे आहे, त्यांनी भाषणांवर समाधान मानणे योग्य नव्हे. शरदराव आपल्या पक्षाचे नव्हते, त्यांची-आपली वाट वेगळी होती. तरीही त्यांचे आपल्यावर काही देणे आहे, आणि ते प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

त्यांनी तारुण्यात चित्रकलेचे शिक्षण घेतले, प्रथम बडोद्यास व नंतर मुंबईच्या जे. जे. मध्ये. ते शिक्षण अर्ध्यावर सोडून ते कम्युनिस्ट चळवळीत आले आणि पुढचे सारे आयुष्य धुळे जिल्ह्यातील शेतकरी, शेतमजूर व आदिवासी यांच्या संघटनेत वेचले. १९६४ च्या फुटीनंतर ते मार्क्सवादी पक्षात राहिले. १९७८ मध्ये जातीच्या प्रश्नावर तो पक्षही त्यांनी सोडला आणि सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला. वर्गसंघर्ष चालविला की जाती आपोआप गळून पडतील, हे त्यांना मान्य नव्हते. या देशात शोषणाची यंत्रणा जातीच्या पायावर उभी आहे, म्हणून जातिअंताची लढाई वेगळी आणि जाणीवपूर्वक लढावी लागेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. मार्क्सबरोबर फुले आणि आंबेडकर यांना घेतल्यावाचून इथल्या क्रांतीचे शास्त्र पुरे होत नाही, हा त्यांच्या विचाराचा गाभा होय.

हे म्हणण्यासाठी त्यांनी केलेले कष्ट कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावेत. चळवळीचे काम सांभाळून ते संस्कृत शिकले, पाणिनीचे व्याकरण त्यांनी अभ्यासिले. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ च्या अखेरीस देह ठेवला, त्याच धुळ्यात बसून एका पूर्णवेळ कार्यकर्त्याने दास आणि शूद्र यांचा इतिहास नव्याने लिहावयास घेतला. ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ हे नाव जोतीरावांच्या १८७३ च्या ग्रंथाशी नाते सांगते. विद्वत्ता हा विद्यापीठाचा मक्ता नव्हे, हे त्यांनी कृतीने दाखविले.

मी स्वतः अर्थशास्त्राचा प्राध्यापक. जन्मभर मी मजुरीचे सिद्धान्त फळ्यावर लिहिले. उदाहरण नेहमी आपल्याकडच्या सालदाराचे देत असे. आखाजीला त्याचे साल ठरते, उचल घेतली जाते, आणि उचलीच्या ओझ्याने तो वर्षभर बांधला जातो. मागणी, पुरवठा, कर्ज सारे मी समजावून सांगितले. परंतु सालदार कोणत्या वस्तीतून येतो आणि मालक कोणत्या आळीत राहतो, हे मात्र कधी फळ्यावर लिहिले नाही. एकदा मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने उठून विचारले, “सर, आमच्याच घरचे सालदार का होतात?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. शरदरावांचे लेखन मी त्यानंतर गांभीर्याने वाचले. त्यांची सर्वच अनुमाने मला पटली असे नाही. शब्दांच्या व्युत्पत्तीवरून ते कधीकधी फार दूरवर जातात. पण त्या मुलाचा प्रश्न त्यांनी टाळला नाही, मी टाळला होता.

त्यांच्या कामाचा दुसरा धडा जमिनीचा आहे. साक्री-नवापूरच्या डोंगरपट्ट्यात आदिवासी पिढ्यानपिढ्या जी जमीन कसत आले, तिला सरकारी दप्तरात ‘अतिक्रमण’ हे नाव होते. अशा कसणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे संसदेने कबूल केले ते २००६ च्या वनहक्क कायद्यात. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा आणि कमाल ४ हेक्टर ही त्यातील मर्यादा. कायदा झाला तरी दावे फेटाळले जाण्याचे भय सरले नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला व त्याच महिन्यात त्यास स्थगिती दिली, त्या दोन आठवड्यांत डोंगरातल्या घरांची झोप उडाली असेल. कागद जपून ठेवणारी, ग्रामसभेत उभे राहून बोलणारी संघटना नसेल, तर कायदा पुस्तकातच राहतो.

शरदरावांचा पक्ष मोठा झाला नाही, हे खरे. त्यांची लेखणी प्रतिपक्षावर कठोर चाले, त्यामुळे जवळ येऊ शकणारी माणसेही दुरावली असतील. पण त्यांच्या मर्यादा मोजून आपली जबाबदारी कमी होत नाही. डॉ. लोहियांनी जातीचा प्रश्न उठविला आणि मागासांना साठ टक्के जागा मागितल्या, याचा आपल्याला अभिमान आहे. मग तालुका समितीच्या सतरंजीवर पुढे कोण बसतो, ठराव कोण लिहितो आणि शेवटी सतरंजी कोण गुंडाळतो, हे आपण एकदा नीट पाहावे. बैठकीनंतर एक तास अभ्यासासाठी ठेवावा. सालदाराच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाला ज्या दिवशी आपल्या शाखेत उत्तर मिळेल, त्या दिवशी शताब्दीचा हिशेब चुकता झाला असे म्हणता येईल.