राजा नसलेल्या लोकांचा कायदा

कायदा राजाच्या तरवारीच्या छायेंतच जन्मतो, असें आम्हां इंग्रजी शिकलेल्या लोकांच्या मनावर कॉलेजांतच बिंबविलें जातें. जॉन ऑस्टिनच्या १८३२ सालच्या ग्रंथांतील 'कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा' हा सिद्धान्त आम्हीं पाठ केला, परीक्षेंत उतरविला, आणि पुढें विद्यार्थ्यांकडूनही घोकून घेतला. ज्यांना राज्य नाहीं त्यांना कायदा नाहीं, आणि ज्यांना कायदा नाहीं त्यांना संस्कृति कोठली, हा पुढचा निष्कर्ष कोणी उघड न सांगतांही मनांत घर करतो. तो सपशेल खोटा आहे, हें दाखविण्यास आर्मेनियांतील एक लहानसें शेतकऱ्यांचें खेडें पुरेसें आहे.

दिलिजान शहराच्या बाजूस, अरण्यानें झांकलेल्या डोंगरांत गोश हें खेडें वसलें आहे. त्याच्या घरांना लागूनच एक मध्ययुगीन मठ उभा आहे. ११८८ च्या भूकंपांत गेतिक येथील जुना मठ पडला, तेव्हां मखितार नांवाच्या पंडितानें येथें नवा मठ उभारण्यास आरंभ केला. मुख्य मंदिर ११९१ पासून ११९६ पर्यंत बांधलें गेलें. मागाहून ग्रंथालयही झालें. मखितारास विरळ दाढीमुळें लोक 'गोश' म्हणत. १२१३ सालीं तो वारल्यावर मठास तेंच नांव पडलें. १२९१ सालीं पोगोस नांवाच्या शिल्पकारानें येथें कोरलेली क्रूसशिळा पाहतांना हा पाषाण आहे कीं सुईनें विणलेली जाळी, असा भ्रम पडतो. प्रवासवर्णनकार येथवर येतात, शिळेची वाहवा करतात, आणि परततात. खरा ठेवा त्यांच्या दृष्टीस पडतच नाहीं!

तो ठेवा म्हणजे मखितारानें मठाच्याही आधीं, ११८४ सालीं, लिहावयास घेतलेला न्यायग्रंथ. अनीचें आर्मेनियन राज्य १०४५ सालींच बुडालें होतें. 'तुम्हांस स्वतःचा कायदा नाहीं' असें शेजारी हिणवीत, आणि आर्मेनियन लोक आपले तंटे परक्यांच्या न्यायासनापुढें नेत. हें शल्य मखितारानें प्रस्तावनेंतच बोलून दाखविलें आहे. मोझेसचें धर्मशास्त्र, चर्चचे नियम व लोकांच्या रूढी यांचा मेळ घालून त्यानें ग्रंथ रचला. त्यांतील एक विचार तर शेतकऱ्यानें दारावर कोरून ठेवावा असा आहे. ईश्वरानें मनुष्य स्वतंत्रच निर्मिला. जमीन आणि पाणी यांच्या गरजेमुळें तो धन्यांच्या अधीन झाला, असें तो म्हणतो.

ऑस्टिनचा शिष्य यावर म्हणेल कीं, हा कायदा नव्हे. ही एका साधूची नीति. बरें तर! सिलिशियांतील सेनापति स्मबात यानें १२६५ सालीं आपल्या संहितेस याच ग्रंथाचा आधार घेतला. पोलंडचा राजा सिगिस्मुंड यानें १५१९ सालीं ल्वोव्ह येथील आर्मेनियन वसाहतीच्या ज्या न्यायसंहितेस मान्यता दिली, तिचें मूळही हाच ग्रंथ. त्या दिवसापर्यंत तेथील आर्मेनियन कायद्यावांचून राहत होते काय? लोक ज्यास आधींच मानीत होते त्यावर राजानें मागाहून शिक्का उठविला, एवढेंच. बाप कोण, हें जातकर्माच्या वेळीं आलेल्या पाहुण्यास विचारावयाचें नसतें.

दुसरा आक्षेप असा कीं, मखितार हा स्वधर्मी व परधर्मी यांत भेद करणारा मध्ययुगीन धर्मगुरु होता. होताच. त्याच्या ग्रंथांत आजची समता शोधूं नये. पण त्याच्या काळीं भेद करणारे राजेही होतेच, आणि त्यांच्या आज्ञांस आम्ही बिनतक्रार कायदा म्हणतों.

ही परंपरा आमच्या देशासही अपरिचित नाहीं. मद्रासेंतील आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या छापखान्यांतून, मुखपृष्ठावर १७७३ हें वर्ष असलेला एक ग्रंथ निघाला. त्यांत शाहामीर शाहामीरियन यांच्या मंडळीनें अस्तित्वांत नसलेल्या आर्मेनियन राज्याची घटना मांडली होती. राज्य नाहीं, सेना नाहीं, पण कायदा तयार! स्वतंत्र आर्मेनियन प्रजासत्ताक १९१८ सालीं जन्मलें, दोन वर्षांत गेलें, आणि १९९१ सालीं पुन्हा आलें. मधल्या शतकांत तें लोक म्हणून टिकले ते कोणत्या सार्वभौमाच्या आज्ञेनें, हें ऑस्टिनच्या अनुयायांनीं सांगावें.

यापुढें न्यायशास्त्राचा पहिला पाठ देतांना आम्ही ऑस्टिनचें सूत्र सांगूंच. पण त्याखालीं गोश या खेड्याचें नांवही फळ्यावर लिहूं.