सहलीला न आलेली १४ मुलं

परवा नातीच्या शाळेतून सहलीचा कागद आला. २ दिवस, ९ ठिकाणं, ३,२०० रुपये. मुलगा म्हणाला, "आई, नऊ ठिकाणं म्हणजे पैसे वसूल की!" मी काही बोलले नाही. असाच एक कागद मीही एकदा तयार केला होता आणि त्याचा मला मोठा अभिमान होता.

१९८८ सालची गोष्ट. जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत मी इतिहास आणि मराठी शिकवत होते. सातवीची सहल माझ्याकडे आली. मी ठरवलं, पोरांना पुणं दाखवायचं! पहाटे एसटी निघाली. शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, पर्वती, आगाखान पॅलेस आणि शेवटी सिंहगड. दिवसभर माझ्या तोंडी दोनच वाक्यं होती, "रांग सोडू नका" आणि "चला, उशीर होतोय." सिंहगडाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. गड खालूनच दाखवला. मुलं मोजली, बसमध्ये भरली आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी वर्गात निबंध दिला, "आमची सहल". बहुतेकांनी बस कुणाला लागली आणि भेळ कुठे खाल्ली एवढंच लिहिलं. वाईट वाटलं, पण खरा चटका पुढेच होता. मागच्या बाकांवर १४ मुलं हात बांधून बसली होती. ४५ रुपये भरता न आल्यामुळे ती सहलीला आलीच नव्हती. त्यांतल्या एकीने विचारलं, "बाई, आम्ही काय लिहायचं?"

मी म्हणाले, "कल्पना करून लिहा."

तिने मान खाली घातली आणि लिहायला लागली. इतकी वर्षं झाली, ते वाक्य माझं मलाच टोचतं.

त्या रात्री एक साधा हिशेब माझ्या लक्षात आला. ठिकाणं जितकी जास्त, तितकं अंतर जास्त. अंतर जास्त म्हणजे खर्च जास्त. आणि खर्च जितका जास्त, तितकी मुलं घरी. शिवाय जी येतात त्यांनाही धड काही दिसत नाही! म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

पुढच्या वर्षी मी एकच ठिकाण घेतलं, नाणेघाट. आमच्या तालुक्यातलंच. आधी एका रविवारी शाळेच्या शिपाईमामांना घेऊन स्वतः जाऊन आले. घाटघरपासून चालायला किती वेळ लागतो, पाणी कुठे मिळतं, मुलींची सोय काय, कड्याच्या बाजूला कुणाला उभं करायचं, हे सगळं पाहिलं. आणि आणखी एक गोष्ट केली, ती म्हणजे मुलांना विचारायचा प्रश्न शोधून आणला. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. प्रश्न एवढाच, "हा इथे कशासाठी?"

एसटी शाळेच्या सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते, भाकरी घरची. त्या वर्षी सगळा वर्ग आला.

रांजणाभोवती पोरं बसली. कुणी म्हणालं पाण्याचा, कुणी म्हणालं धान्याचा. मी गप्प. (शिक्षकाला हेच सगळ्यात अवघड जातं!) शेवटी एक मुलगा, ज्याचे वडील आठवडे बाजारात भाजी विकायचे, तो म्हणाला, "बाई, बाजारात बसायची पावती फाडतात ना, तसं असणार. इथून जायचं तर पैसे टाका." हा रांजण जकातीचा, असं सांगतात ते त्याने स्वतःच शोधून काढलं होतं. मग प्रश्नातून प्रश्न निघाले. कोण जायचं इथून? काय घेऊन? तेव्हा मी कोकणातल्या सोपाऱ्याच्या बंदराचं आणि तिथून घाट चढून जुन्नरला येणाऱ्या मालाचं सांगितलं. पुस्तकातले सातवाहन त्या दिवशी आमच्या बाजाररस्त्यावरून चालत आले.

गुहेत भिंतींवर ब्राह्मी लिपीतला दोनेक हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे, नागनिका राणीचा म्हणून ओळखला जातो. केलेले यज्ञ, दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी, सगळं आकड्यांसकट. "म्हणजे हा हिशेबच आहे की बाई!" एक पोर ओरडलं. राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्तीही तिथे होत्या. त्या गेल्या, वर कोरलेली नावं राहिली. मागच्या वर्षी "काय लिहायचं" म्हणून विचारणारी मुलगी त्या नावांखाली बराच वेळ उभी होती. तिने विचारलं, "मूर्ती गेल्या आणि नावं कशी राहिली?" मला उत्तर देता आलं नाही. पण निबंधात तिने तोच प्रश्न लिहिला, कल्पना करून नव्हे.

संग्रहालयाचंही असंच आहे. केळकर संग्रहालयात हजारो वस्तू आहेत. दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून त्या जमवल्या आणि १९७५ साली सरकारच्या स्वाधीन केल्या. एका माणसाने आयुष्यभर जमवलेलं चाळीस मिनिटांत काय दाखवणार? त्यापेक्षा मुलांना अडकित्त्यांपुढे किंवा दिव्यांपुढे बसवा. प्रत्येकाने एक निवडावा, त्याचं चित्र काढावं, घरी आजीला दाखवून विचारावं. बाकीचं संग्रहालय पुढच्या खेपेला!

पालक म्हणतील, एवढे पैसे भरून एकच ठिकाण? त्यांना सांगावं, म्हणूनच एवढे पैसे भरू नका. शिक्षक म्हणतील, जबाबदारी कोण घेणार? ही भीती मात्र खरी आहे. २०१६ साली मुरुडच्या समुद्रात सहलीला गेलेले विद्यार्थी बुडाले, ते कोण विसरेल? पण म्हणून वॉटर पार्कच्या तिकिटाला शैक्षणिक सहल म्हणायचं का? एकच ठिकाण, आधी स्वतः पाहिलेलं, यापेक्षा मोठी सुरक्षितता मला तरी माहीत नाही. आधी चौकशी केली नाही तर अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, हेही दारात पोचल्यावरच कळतं.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, आमचा शिवनेरीही त्यात आहे. फार आनंद झाला. आता भीती एवढीच, की "दोन दिवसांत पाच किल्ले" असे कागद निघतील!

असो. नातीच्या कागदावर मुलगा सही करेल, आणि तीही आनंदाने जाईल. पण सोमवारी मी तिच्या शाळेत जाणार आहे. ९ ठिकाणं कोणती, हे नाही विचारणार. एवढंच विचारणार, "या सहलीला किती मुलं येणार नाहीत?"

तुमच्या घरी असा कागद आला, तर तुम्हीही विचारून बघा.