वेष्टनावरचे सत्य आणि ग्राहकाची दृष्टी

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहारसूत्रे प्रसिद्ध केली. ही सूत्रे सतरा आहेत आणि खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील माहिती वाचून मगच निवड करावी, असे त्यांतले अखेरचे सूत्र सांगते. ज्या समाजात धान्य निवडून, पाखडून आणि डोळ्यांदेखत दळून आणण्याची रीत होती, त्याला आहारशास्त्राने वाचनाचा उपदेश करावा, यातच स्वयंपाकघरात झालेल्या पालटाची साक्ष मिळते. रंगावरून, वासावरून आणि चिमटीत धरून पारख करण्याची पिढीजात विद्या बंद पाकिटापुढे निरुपयोगी ठरते. तेथे ग्राहकाच्या हाती उरतो तो केवळ छापील मजकूर. तो मजकूर वाचता येण्याजोगा आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाला क्षुल्लक मानण्याचे दिवस गेले आहेत. देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी निगडित असल्याचा अंदाज याच आहारसूत्रांबरोबर देण्यात आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाखांच्या घरात असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्या उंबरठ्यावर उभे आहेत. वाणसामानाच्या यादीत बिस्किटांचे पुडे, शेवया, सॉस आणि शीतपेये ज्या वेगाने शिरली, त्याचा या आकड्यांशी काहीच संबंध नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

वेष्टनाच्या मागील बाजूस पुष्कळ काही लिहिलेले असते, हे खरे. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावेत, असा नियम आहे. म्हणजे जे पहिले, ते सर्वांत अधिक. पुढच्या बाजूस गव्हाची डौलदार लोंबी रंगवलेली असली, तरी मागे पहिले नाव ‘रिफाइन्ड व्हीट फ्लॉवर’ असेल, तर तो मैदाच होय. साखर ही तर बहुरूपी आहे. कधी ती ग्लुकोज सिरप होते, कधी इन्व्हर्ट सिरप, कधी डेक्स्ट्रोज. तीन वेषांत विभागली गेल्याने यादीत ती सहज खाली सरकते. शंभर ग्रॅममागे २५ ग्रॅम साखर असे लिहिलेले असले, तर पुड्याचा चौथा हिस्सा साखरेचा आहे, म्हणजे पाच ग्रॅमच्या चमच्याने पाच चमचे, हा हिशेब ग्राहकानेच मांडायचा असतो. मिठाचे गणित तर आणखी अवघड. छापलेले असते सोडियम आणि खाल्ले जाते मीठ. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले, तर मीठ किती ते कळते. शंभर ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा पाच ग्रॅमांहून कमी आहे.

दुकानाच्या गर्दीत, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताला लेकरू धरून हे त्रैराशिक कोणी सोडवावे? त्यातून २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की पुरे. अन्य भाषा वापरण्यास मुभा आहे, बंधन नाही. परिणामी जाहिरात मराठीत बोलते आणि घटकांची यादी मात्र बहुधा बारीक इंग्रजीत कुजबुजते. शंभर चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या लहानशा वेष्टनाला तर पोषणमाहिती देण्यापासूनच सूट आहे. सुट्या पैशांत मुले जे विकत घेतात, त्यातले बरेचसे अशाच पुड्यांत असते.

पुढच्या बाजूचा मजकूर किती विश्वासार्ह असतो, याचेही दाखले आहेत. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून पेये वगळण्यास सांगितले. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात अशा पेयाची व्याख्याच नाही, हे तेव्हा उजेडात आले. त्याच वर्षी जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘शंभर टक्के फळांचा रस’ हा दावा वेष्टनांवरून काढून टाकण्याचा आदेश दिला, कारण आटवलेल्या रसात पाणी मिसळूनही तो केला जात होता.

यावरचा उपाय वेष्टनाच्या दर्शनी भागावरच ठळक खूण असावी, हा आहे. प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये त्यासाठी मसुदा काढला खरा, पण त्यात अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे देण्याची योजना होती. प्रथिने किंवा तंतू यांचे गुण साखर-मिठाच्या दोषांतून वजा करून निघणारा हा तारा म्हणजे परीक्षेत नापास विषय झाकणारी सरासरी होय. मसुद्यावर चौदा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने तज्ज्ञ समितीच्या शिफारशींसाठी तीन महिन्यांची मुदत घातली आणि पुढे ती वाढवून द्यावी लागली.

चिलीने २०१६ मध्येच याहून सरळ मार्ग पत्करला. साखर, मीठ, मेद वा उष्मांक प्रमाणाबाहेर असल्यास पुढच्या बाजूस काळा अष्टकोन छापायचा, लहान मुलांना उद्देशून जाहिरात करायची नाही आणि शाळेत तो पदार्थ विकायचा नाही. या तिहेरी उपायांच्या पहिल्या टप्प्यानंतर अशा गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासकांना आढळले. अनेक उत्पादकांनी तर शिक्का टाळण्यासाठी आपल्या पदार्थांतील साखरच कमी केली.

अशी खूण आली, तर लोणचे, पापड यांसारखे परंपरागत पदार्थही दोषी ठरतील, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. परंतु लोणचे पानात डावीकडे आणि तेही जरासेच वाढण्याची रीत ज्यांनी घालून दिली, त्यांना त्यातले मीठ ठाऊकच होते. सत्य सांगितल्याने परंपरेचा अवमान होत नाही. लहान उद्योगांना तयारीसाठी अवधी द्यावा, हे रास्त आहे. मात्र त्या निमित्ताने मोठ्यांना आडोसा मिळता कामा नये.

साधी खूण काय करू शकते, हे पाहण्यास चिलीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. २००१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत दुरुस्ती होऊन शाकाहारी पदार्थांवर हिरवा ठिपका आला. अक्षरओळख नसलेली आजीही आज तो ठिपका पाहूनच पाकीट हाती घेते. श्रद्धेच्या रक्षणासाठी जी सोय इतक्या सहजतेने झाली, ती प्रकृतीच्या रक्षणासाठी अशक्य का मानावी? तोवर ग्राहकाने पुडा उलटून वाचावा, हे योग्यच. परंतु वाचण्याचे कर्तव्य ग्राहकावर लादणाऱ्या शासनाने वाचता येईल असे लिहिण्याचे कर्तव्य उत्पादकावर टाकले नाही, तर सतरावे सूत्र हे केवळ सुभाषित ठरेल.