फुकट जमिनीने गाव वसत नाही

2015 च्या ऑगस्टमध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे पत्रकार ख्रिस्तोफर इंग्राहम यांनी अमेरिकी कृषी खात्याची एक जुनी आकडेवारी बाहेर काढली. हिवाळा किती सौम्य, ऊन किती, उन्हाळ्यात दमटपणा किती, डोंगर आणि पाणी किती, यावरून देशातल्या तीन हजारांहून अधिक काउंट्यांची क्रमवारी तीत लावलेली होती. अगदी तळाला होती मिनेसोटाच्या वायव्येकडची रेड लेक काउंटी. राहायला सर्वांत वाईट जागा म्हणून आपले नाव देशभर झालेले तिथल्या लोकांना झोंबले. त्यांनी पत्रकाराला बोलावून घेतले, इंग्राहम जाऊन पाहून आले, आणि 2016 मध्ये बाल्टिमोरजवळच्या उपनगरातला संसार आवरून बायको आणि जुळ्या मुलांसह रेड लेक फॉल्स या जेमतेम चौदाशे वस्तीच्या गावात राहायला गेले. 2019 मध्ये या स्थलांतरावरचे त्यांचे पुस्तकही आले. महागडे घर, रोजच्या प्रवासात जाणारे तास, मुलांसाठी न उरणारा वेळ या चक्रात अडकलेल्या उपनगरी कुटुंबांना ही गोष्ट मोहात पाडते, आणि ते स्वाभाविक आहे. पण तिच्यातली एक बाब सहज नजरेआड होते. इंग्राहम यांनी वॉशिंग्टनची नोकरी आणि पगार सोबत नेला होता. गावात काम शोधण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. म्हणून शहर सोडून गावात जाणे हा निव्वळ धाडसाचा किंवा आवडीनिवडीचा प्रश्न आहे, असा निष्कर्ष या एका उदाहरणावरून काढता येणार नाही. लहान गाव नव्या माणसाला बोलावू शकते. तो तिथे टिकतो की नाही हे मात्र गावात दवाखाना, शाळा आणि इंटरनेट कशा अवस्थेत आहेत यावर ठरते, आणि या गोष्टी धोरणाने उभ्या राहतात, सवलतीच्या जाहिरातींनी नाही.

ओहायोपासून कॅन्सस, नेब्रास्का, डकोटापर्यंत पसरलेल्या मिडवेस्टमधल्या गावांना माणसे हवी आहेत यात वाद नाही. 2010 ते 2020 या दशकात महानगरांबाहेरच्या अमेरिकेची लोकसंख्या इतिहासात पहिल्यांदाच घटली. एकूण घट अर्ध्या टक्क्याच्या आसपास दिसते, पण ती सरासरी आहे. ग्रामीण काउंट्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश काउंट्यांत माणसे कमी झाली. यावर सरकारांना आणि गावांना सुचलेला उपाय जुनाच आहे. 1862 च्या होमस्टेड कायद्याने कसणाऱ्याला 160 एकर जमीन देऊन या प्रदेशाचा मोठा भाग वसवला. 2003 मध्ये कॅन्ससमधल्या मार्क्वेट या छोट्या गावाने घर बांधणाऱ्याला फुकट प्लॉट देऊ केले. 2011 मध्ये कॅन्सस राज्याने ग्रामीण संधी क्षेत्रांचा कायदा केला. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत राज्याचा प्राप्तिकर माफ, आणि पदवीधराच्या शैक्षणिक कर्जापैकी 15 हजार डॉलरपर्यंतची फेड. सुरुवातीला या यादीत 50 काउंट्या होत्या. पुढे राज्यातल्या 105 पैकी 95 काउंट्या तीत आल्या. यादी लांबली याला प्रत्येक आमदाराचा आपल्या मतदारसंघासाठीचा आग्रह हेही एक कारण असणार. तरीही माणसे परत आणायला निघालेल्या योजनेची यादी जवळजवळ दुप्पट व्हावी आणि त्याच दशकात राज्यातल्या बहुतांश काउंट्या आणखी रोडावत जाव्यात, हे या मार्गाच्या यशाचे लक्षण नक्कीच नाही.

ग्रामीण भागात कुणी येतच नाही, असे मात्र नाही. मिनेसोटा विद्यापीठाचे ग्रामीण समाजशास्त्रज्ञ बेन विंचेस्टर यांनी बरीच वर्षे हा विषय लावून धरला आहे. अठरा-वीस वर्षांची मुले गाव सोडून जातात हे खरे, पण तिशी ते पन्नाशीच्या दरम्यानची माणसे अनेक ग्रामीण काउंट्यांत येत असतात, असे त्यांनी जनगणनेच्या आकड्यांतून दाखवून दिले. ही माणसे शिकलेली असतात, कमावती असतात, आणि बहुतेकदा मुले घेऊन येतात. त्यांना विचारले तर नोकरीचे नाव पहिल्यांदा येत नाही. संथ जीवन, सुरक्षितता आणि परवडणारे घर ही कारणे आधी येतात. करोनानंतर तर ग्रामीण काउंट्यांकडे येणाऱ्यांची संख्या जाणाऱ्यांपेक्षा जास्त झाली आहे. जन्मांपेक्षा मृत्यू अधिक असूनही या स्थलांतरामुळेच ग्रामीण लोकसंख्या पुन्हा थोडी वाढू लागली. म्हणजे ओढ आहे आणि ती बक्षिसाशिवायही आहे. मग प्रश्न असा उरतो की तिशीतले जोडपे लहान मुलाला घेऊन येते तेव्हा त्याला सर्वांत आधी काय लागते?

लागते ते रुग्णालय, आणि नेमके तेच नाहीसे होत आहे. 2010 ते 2021 या काळात अमेरिकेत 136 ग्रामीण रुग्णालये बंद पडली. जी उरली आहेत त्यांतल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी बाळंतपणाची सोय नाही. याचे कारण समजून घ्यायला हवे, कारण ते कुणा एकाच्या हलगर्जीपणात नाही, हिशेबाच्या पद्धतीत आहे. प्रसूती विभाग चालवायचा तर वर्षाला पन्नास बाळंतपणे होवोत की पाचशे, डॉक्टर, परिचारिका आणि भूलतज्ज्ञ चोवीस तास हाताशी ठेवावे लागतात. खर्च ठरलेला, उत्पन्न मात्र बाळंतपणांच्या संख्येवर. त्यातच ग्रामीण भागातल्या जवळपास निम्म्या बाळंतपणांचे पैसे मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी योजनेतून येतात आणि ते बहुधा खर्चाइतकेही नसतात. तोटा कमी करायची वेळ आली की पहिला घाला प्रसूती विभागावर पडतो. मग कळा सुरू झालेल्या बाईला जानेवारीच्या बर्फात तास-दीड तास गाडीने जावे लागते. अशा गावाने तरुण जोडप्यापुढे दहा-पंधरा हजार डॉलर ठेवले, तरी त्या जोडप्याने काय निर्णय घ्यावा? शाळेचेही असेच. राज्याचे अनुदान विद्यार्थिसंख्येवर ठरते, म्हणून एक कुटुंब गेले की शाळेचे पैसे कमी होतात. पैसे कमी झाले की संगीताचा किंवा विज्ञानाचा शिक्षक जातो. आणि तो गेला की पुढचे कुटुंब विचार करू लागते.

या सोयी धोरणाने टिकवाव्यात, या म्हणण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप अर्थशास्त्राचा आहे. प्रत्येक गाव वाचलेच पाहिजे असे कुणी सांगितले? यंत्रांमुळे शेतीला माणसे कमी लागतात. मग शेतीसाठी वसलेली गावे आटणारच. फ्रँक आणि डेबोरा पॉपर या दांपत्याने 1987 मध्ये तर असे सुचवले होते की ग्रेट प्लेन्सचे मोठे पट्टे पुन्हा गवताळ कुरणे होऊ द्यावीत आणि तिथे बायसन परतावेत. त्या वेळी गावोगावी त्यांच्यावर संताप झाला, पण त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. प्रत्येक वस्तीत रुग्णालय हवे असे मीही म्हणत नाही. तासाभराच्या टापूत एक सुसज्ज केंद्र, आणि भोवतीच्या गावांची त्याच्याशी पक्की जोडणी, एवढे पुरे. मात्र बाजाराने ठरवले ते मुकाट्याने मान्य करा, हे म्हणणे मिडवेस्टच्या इतिहासाशी जुळत नाही. हा प्रदेश बाजाराने वसवलेलाच नाही. जमीन सरकारने दिली, कृषी विद्यापीठे 1862 च्या मॉरिल कायद्याने दिलेल्या जमिनींच्या पैशांतून उभी राहिली. 1930 च्या दशकाच्या मध्यावर दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती, कारण खाजगी वीज कंपन्यांना रानात तारा ओढणे परवडत नव्हते. 1936 च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्याने स्वस्त कर्ज दिले आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी दोन दशकांत ते चित्र पालटून टाकले. आज उत्तर डकोटात ग्रामीण टेलिफोन सहकारी संस्थांनी विरळ वस्त्यांपर्यंत ऑप्टिकल फायबर नेले आहे आणि घरबसल्या शहरातली नोकरी करणाऱ्याला गाव शक्य झाले आहे. सहकाराने काय होऊ शकते हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

संस्था आधी आणि माणसे मागून, या क्रमाचे सर्वांत ठळक उदाहरण इंडियानातले कोलंबस आहे, आणि त्याचा धागा थेट पुण्याशी जुळतो. 1919 मध्ये स्थापन झालेल्या कमिन्स या डिझेल इंजिन कंपनीचे हे गाव. आजही वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. कंपनीचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांच्यापुढे अडचण होती ती अशी की उत्तम अभियंते मक्याच्या शेतांमधल्या गावात का येतील? त्यांनी घरासाठी रोख रक्कम वाटली नाही. 1950 च्या दशकात कंपनीच्या प्रतिष्ठानने गावापुढे प्रस्ताव ठेवला, की शाळा बांधायची तर नामवंत वास्तुरचनाकारांच्या यादीतून निवड करा, त्याचे मानधन आम्ही देऊ. हॅरी वीस यांच्या आराखड्यानुसार पहिली शाळा 1957 मध्ये उभी राहिली. पुढे अग्निशमन केंद्रांपर्यंत हीच रीत गेली. 1969 मध्ये तिथे आय. एम. पेई यांनी उभारलेले सार्वजनिक ग्रंथालय आले. इमारती देखण्या आहेत हा त्यातला गौण भाग. शाळा, ग्रंथालय, अग्निशमन केंद्र या सगळ्यांच्या मालकीच्या जागा गावातल्या सर्वोत्तम जागा असल्या पाहिजेत, हा त्यामागचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. कमिन्स 1962 पासून पुण्यात आहे आणि कर्वेनगरचे मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय तिच्या नावाने 1991 मध्ये सुरू झाले. पुण्याचे अभियंते आपल्या कुटुंबांसह कोलंबसला जातात, राहतात. कोणी म्हणेल, प्रत्येक गावाला मिलर कुठून मिळणार? मिळणार नाहीच. एका उद्योगपतीच्या उदारतेवर शेकडो गावांचे भवितव्य सोपवता येत नाही, म्हणूनच हे काम राज्यांनी करायला हवे.

दुसरा आक्षेप अमेरिकेतल्या आपल्या मराठी लोकांकडून येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये मराठी शाळा आहे, गणपती आहे, भाजणीचे पीठ कोपऱ्यावर मिळते. हजार-दोन हजार वस्तीच्या गोऱ्या गावात आपल्या मुलांना कोण आपले म्हणणार? याचे उत्तर देताना गावांची भलावण करून चालणार नाही, कारण अनुभव दोन्ही प्रकारचे आहेत. आयोवातले स्टॉर्म लेक हे अकरा हजारांवर वस्तीचे गाव वाढले ते मांसप्रक्रिया कारखान्यांत कामाला आलेल्या लाओस, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या कुटुंबांमुळे; त्यांच्याच मुलांनी तिथल्या शाळा भरल्या. त्याच राज्यातल्या पोस्टव्हिलमध्ये 12 मे 2008 रोजी मांसप्रक्रिया कारखान्यावर छापा पडला, 389 कामगार पकडले गेले, आणि दोन-अडीच हजारांच्या त्या गावाचे जगणेच विस्कटले. एकीकडे लॅपटॉपवर काम करणाऱ्या उपनगरी पदवीधराला बक्षीस आणि दुसरीकडे खरोखर गाव सावरणाऱ्या कामगाराला बेड्या, हा अन्याय तर आहेच, पण गावांच्या दृष्टीने आत्मघातही आहे.

भारतीय डॉक्टरांच्या बाबतीत हाच विरोधाभास अधिक स्पष्ट दिसतो. उत्तर डकोटाचे तत्कालीन सिनेटर केंट कॉनराड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 1994 च्या तरतुदीनुसार, जे-1 व्हिसावर प्रशिक्षण घेतलेल्या परदेशी डॉक्टरने डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम केले तर त्याला दोन वर्षांसाठी मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट मिळते. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा 30 जागा. कॅलिफोर्नियालाही तेवढ्याच आणि उत्तर डकोटालाही तेवढ्याच. मिडवेस्टमधल्या कितीतरी छोट्या रुग्णालयांचा भार या मार्गाने आलेल्या भारतीय डॉक्टरांनी उचलला आहे. पण कोणत्याही एका देशातल्या लोकांना सात टक्क्यांहून अधिक ग्रीन कार्डे द्यायची नाहीत, या नियमामुळे भारतात जन्मलेल्या डॉक्टरला अनेक वर्षे रांगेत उभे राहावे लागते. गावाचा एकमेव बालरोगतज्ज्ञ स्वतः तात्पुरत्या व्हिसावर असेल, तर तो घर कशाच्या भरवशावर घेणार, आणि गाव तरी त्याच्यावर कशाच्या भरवशावर विसंबणार? विंचेस्टर यांच्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळते: काउंटी जितकी लहान, तितके तिथल्या रहिवाशांचे मोठे प्रमाण शाळा मंडळ, नगर परिषद आणि स्वयंसेवी संस्थांच्या जागा भरण्यासाठी लागते. नवखा माणूस अशा मंडळावर बसला की परकेपणा विरायला लागतो. व्हिसाच्या मुदतीकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला ती उमेद राहत नाही.

म्हणून कॅन्सस, आयोवा, इंडियानाच्या विधिमंडळांनी स्थलांतराच्या बक्षिसांवरचा पैसा वळवून प्रसूती विभागांचा ठरलेला खर्च उचलावा, म्हणजे बाळंतपणे कमी झाली म्हणून विभागाला कुलूप लागणार नाही. लहान शाळांना डोक्यांच्या गणतीपलीकडचे किमान अनुदान द्यावे. अमेरिकी काँग्रेसने कॉनराड तरतुदीतल्या जागा टंचाईच्या प्रमाणात वाटाव्यात आणि ग्रामीण सेवेची वर्षे पूर्ण केलेल्या डॉक्टरांना ग्रीन कार्डच्या रांगेतून बाहेर काढावे. आणि शिकागोच्या उपनगरातून छोट्या गावी जाण्याचा विचार करणाऱ्या मराठी कुटुंबांनी घराची किंमत पाहण्याआधी चौकशी करावी ती चार गोष्टींची: सर्वांत जवळचा प्रसूती विभाग किती मैलांवर आहे, शाळेची पटसंख्या गेल्या दहा वर्षांत कुठे गेली, घरापर्यंत फायबर कुणी आणले, आणि शाळा मंडळावर बाहेरून आलेले कोणी निवडून आले आहे का.