शेवटचं गाणं आणि मागची खरखर

२०२३ च्या दिवाळीतली गोष्ट. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, म्हणून दोन तारखेच्या संध्याकाळी मी चकलीची भाजणी भाजायला घेतली होती. तांदूळ भाजून झाले, डाळी व्हायच्या होत्या, आणि बाहेरच्या खोलीत एकदम आवाज चढले. गॅस बारीक करून बघायला गेले, तर हे आणि धाकटे भाऊजी समोरासमोर बसलेले. दोघंही सत्तरीला टेकलेले. यांच्या डोळ्यांत पाणी, भाऊजींच्या कपाळावर आठ्या. हे म्हणत होते, ‘‘जॉन परत आला रे!’’ आणि भाऊजी म्हणत होते, ‘‘आला कुठला? त्याचं निम्मं गाणं कापून त्याला गप्प बसवलंय!’’

भांडण होतं बीटल्सच्या नव्या गाण्यावरून. मला वाटलं, हे आमच्याच घरचं खूळ. पण पुढच्या दोन-चार दिवसांत बघते, तर जगभरच्या त्यांच्या भक्तांत ह्याच दोन फळ्या पडलेल्या.

ज्यांच्या घरात हे वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लिव्हरपूलची ही चार पोरं, जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. १९६२ साली त्यांची ‘लव्ह मी डू’ ही तबकडी निघाली आणि १९७० साली चौघांची चार दिशांना पांगापांग झाली. मधल्या आठ वर्षांत त्यांनी काय केलं, ते आमच्या घरी विचारायला येऊ नका, रात्रीचं जेवण राहील. आपल्याशी त्यांचा धागा आहे तो १९६८ चा. ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात ते राहिले, हे बहुतेकींना ठाऊक असेल. पण त्याच वर्षी जानेवारीत जॉर्जने आपल्या मुंबईत, एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत, इथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं होतं आणि त्यातलंच वादन पुढे ‘द इनर लाइट’ या गाण्यात वाजलं. भाऊजी हे इतक्या अभिमानाने सांगतात, की वाटावं तबला ह्यांनीच धरला होता.

तर हे गाणं, ‘नाऊ अँड देन’. नवं म्हणायचं, पण त्याचा जन्म १९७७ च्या आसपासचा. जॉन तेव्हा न्यूयॉर्कला राहत होता. घरातल्या पियानोपाशी बसून, साध्या कॅसेट रेकॉर्डरवर त्याने ते म्हणून ठेवलं. कच्चंच. काही शब्द जमलेले, काही नुसते गुणगुणलेले. पुढे १९८० च्या डिसेंबरात त्याला राहत्या इमारतीच्या दारात गोळ्या घातल्या, आणि कॅसेट तशीच राहिली.

१९९४ साली त्याच्या पत्नीने, योको ओनोबाईंनी, अशा कच्च्या गाण्यांच्या कॅसेटी पॉलच्या हाती दिल्या. उरलेले तिघं जमले आणि त्यातून ‘फ्री अ‍ॅज अ बर्ड’ व ‘रिअल लव्ह’ ही दोन गाणी पुरी झाली. तिसरं हे. पण ते काही केल्या जमेना. कॅसेटवर विजेची सारखी गुणगुण, आणि पियानो व गळा एकातच मिसळलेले. आवाज मोठा करावा तर पियानोही अंगावर येतो. खिचडी शिजल्यावर डाळ वेगळी काढून दे म्हणण्यातलाच प्रकार! जॉर्जने तर नाद सोडलाच. त्याला ते गाणं मुळी पसंत नव्हतं, असं पुढे पॉलनेच सांगितलं. २००१ साली जॉर्जही गेला.

ती खिचडी वेगळी झाली ती २०२२ मध्ये. पीटर जॅक्सन या सिनेमावाल्याने बीटल्सवर एक मोठा माहितीपट केला होता. त्यासाठी त्याच्या लोकांनी संगणकाला आवाज ‘ओळखायला’ शिकवलं, हा गळा, ही गिटार, हा पियानो. त्याच युक्तीने जॉनचा आवाज पियानोतून अलगद सोडवून काढला. मग ब्याऐंशीच्या घरातल्या रिंगोने ड्रम वाजवले, जॉर्जची १९९५ सालची गिटार घेतली, पॉलने बास वाजवला आणि जॉर्जच्या ढंगाने गिटारचा एक तुकडा त्याच्या आठवणीखातर वाजवला. मागे व्हायोलिनांचा ताफा आला, आणि जुन्या तीन गाण्यांतले कोरसचे सूर उचलून इथे मिसळले. असं हे चार मिनिटांहून थोडं मोठं, साऱ्यांनी ‘शेवटचं’ म्हणून जाहीर केलेलं गाणं.

आता तक्रारी. पहिली ओरड झाली ती गाणं यायच्या आधीच. २०२३ च्या जूनमध्ये पॉलने बी.बी.सी.च्या मुलाखतीत ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे शब्द उच्चारले मात्र, लोकांना वाटलं मेलेल्या माणसाचा खोटा आवाज बनवतायत. त्याला पुन्हा खुलासा करावा लागला, की बनवलेलं काही नाही, आहे ते स्वच्छ केलंय. माझ्या मते ही ओरड फुकटची. पितळी समई चिंचेने घासली म्हणून ती नवी समई होत नाही.

दुसरी तक्रार चित्रफितीची. तीही जॅक्सननेच केली. त्यात म्हाताऱ्या पॉल-रिंगोच्या शेजारी १९६७ सालचे तरुण जॉन आणि जॉर्ज माकडचेष्टा करताना दाखवलेत. काहींना रडू कोसळलं, काहींना किळस आली. मला स्वतःला ते बघवलं नाही. फोटोला हार घातलेला असताना त्याच माणसाला शेजारी नाचवू नये. हे म्हणतात, मी जुन्या वळणाची. असेन.

पण भाऊजींची जी खरी जखम, ती मला पटते. जॉनच्या मूळ कॅसेटमध्ये मधे एक आणखी भाग आहे. तिथे चाल वळण घेते, गळा कातर होतो आणि शब्द अडखळतात, कारण ते त्याला अजून सुचलेलेच नव्हते. ह्या कॅसेटच्या चोरून काढलेल्या नकला भक्तांत कितीतरी वर्षं फिरत होत्या. भाऊजींकडेही एक होती, मित्राने भरून दिलेली. तो भाग त्यांना तोंडपाठ. २०२३ च्या गाण्यात तो गाळला. गाणं सुटसुटीत झालं खरं, पण ज्याला पूर्ण पायरी ठाऊक आहे त्याचा पाय तिथे दर वेळी हवेत पडतो.

पॉलची बाजूही मला कळते. अर्धवट शब्द दुसऱ्याच्या तोंडी घालायचे कसे? ज्याच्याबरोबर पोरवयापासून गाणी रचली, तो असता तर त्यानेही कदाचित हा भाग काढलाच असता. पण माझ्या सासूबाईंच्या पाककृतींच्या वहीत तेल सांडून पुसलेल्या ओळी आहेत. वही उतरवून काढताना मी तिथे ‘पुढचं वाचता येत नाही’ असं लिहिलं. ओळ नव्हतीच असं दाखवलं नाही. पॉलनेही तो भाग नुसत्या वाद्यांवर का होईना, ठेवायला हवा होता.

आणि जॉर्ज? ज्याने नको म्हटलं, त्याच्या माघारी करायचं का? त्याच्या पत्नीचं, ऑलिव्हियाबाईंचं म्हणणं आलं, की त्याची अडचण त्या खराब ध्वनिमुद्रणाची होती, आज असता तर तो आनंदाने ह्या दोघांत सामील झाला असता. गाण्याच्या वेष्टनावर मागच्या बाजूला जॉर्जने १९९७ साली घेतलेल्या एका घड्याळाचं चित्र आहे, त्यावर नेमके ‘नाऊ अँड देन’ हेच शब्द. मला ह्या बाईंच्या शब्दावर विश्वास ठेवावासा वाटतो. नवऱ्याच्या ‘नको’चे किती प्रकार असतात, हे बायकोशिवाय कोणाला कळणार?

गाणं इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं. ह्याआधीचा त्यांचा पहिला क्रमांक १९६९ चा, म्हणजे ५४ वर्षांनी. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याला ग्रॅमी मिळालं, ते घ्यायला जॉनचा मुलगा शॉन उभा राहिला. भाऊजींनी ती बातमी वाचली, आणि पान उलटलं.

हे सगळं मी इतकं का ऐकून घेतलं, त्याला एक कारण आहे. आमच्याकडेही एक कॅसेट आहे. १९८३ साली भाऊजींनी सासूबाईंना ओट्यापाशीच बसवून त्यांच्या जात्यावरच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. मागे कुकरच्या शिट्ट्या, आणि मधेच मामंजींची हाक, ‘‘चहा झाला का?’’ सासूबाई ओवी न थांबवता मानेनेच ‘हो’ म्हणाल्या असणार, कारण पुढच्या ओळीला आवाज जरासा हलतो. गाण्याची बातमी वाचून भाच्याने हौसेने ती कॅसेट संगणकावर घातली आणि तसल्याच युक्तीने स्वच्छ केली. शिट्ट्या गेल्या. मामंजीही गेले. वन्सं ऐकायला बसल्या. आईचा आवाज असा नितळ, जणू शेजारी बसलीय. शेवटपर्यंत ऐकलं, आणि म्हणाल्या, ‘‘आई आहे रे, पण घर कुठंय?’’

पोरगा बिचारा रडवेला झाला. पण त्याने एक शहाणपण केलं होतं. आधी कॅसेट जशीच्या तशी उतरवून ठेवली होती, आणि साफसफाई केली ती तिच्या नकलेवर. म्हणून सांगते, बीटल्सचं कोणी काय बिघडवलं ह्यावर कितीही भांडा, जॉनची मूळ कॅसेट कोणी पुसलेली नाही. तुमच्या घरच्या कॅसेटींचं तेवढं बघा.

तुमच्या माळ्यावर अशी एखादी असेलच. ती आधी बाहेर काढा आणि मागच्या कडेच्या दोन बारीक चौकोनी जिभा मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर मुळीच वाजवू नका, जाणत्याकडे द्या. एका बुरसटलेल्या कॅसेटीने अख्खा टेप खराब होतो. बुरशी नसेल तर पेन्सिल घालून फीत थोडी ताणून घ्या, एकदा पुढे-मागे गुंडाळा आणि मगच वाजवा. टेपचं डोकं आधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेलं असावं. आधी एखादी टाकाऊ कॅसेट लावून टेप फीत खात नाही ना, ते बघा. हेडफोनच्या भोकातून तार घेऊन संगणकावर उतरवता येतं. उतरवताना खरखर काढण्याचं कुठलंही बटण दाबू नका, आणि फाइल ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवा, एम.पी.थ्री.त दाबू नका. एक प्रत घरात, एक दुसऱ्या गावी असलेल्या कोणाकडे. मूळ कॅसेट स्पीकरपासून आणि चुलीच्या उष्णतेपासून लांब, डबीत उभी ठेवा. वर कोण बोलतंय, कधीचं आहे, हे लिहा. पुढच्यांना आवाज ओळखू येत नाहीत.

साफ केलेली प्रत हवी तर नंतर करा. आमच्या वन्संच्या फोनमध्ये आता दोन्ही आहेत. परवा त्यांच्याकडे गेले होते, तर पोळ्या लाटताना लावली होती ती शिट्ट्यांची.