नेमबाजीआधी व्हिसा बघा

कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलचं ब्राँझ जिंकलं, आणि त्यानंतर अमेरिकेतल्या माझ्या ओळखीतली दोन-तीन मुलं रेंजवर जायला लागली. आता त्यांना 1000 यार्डांची स्वप्नं पडतात. छंद चांगलाच आहे. पण रायफल कुठली घ्यायची हे विचारण्याआधी मी त्यांना विचारतो, व्हिसा कुठला?

कारण एच-1बी, एच-4, एफ-1 या व्हिशांवर आलेल्या माणसाला इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूकच काय, काडतूससुद्धा ताब्यात ठेवता येत नाही. राज्याचा शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्ड हातात आलं की हा अडथळा जातो. रांगेत उभं असताना नाही. आणि आपली रांग किती लांब आहे हे काय सांगायला हवं! 'रेंजवर भाड्याने तर घेतली, विकत कुठे घेतली?' हा बचाव चालत नाही. रेहाइफ नावाचा विद्यार्थी विद्यापीठाने काढून टाकल्यावरही इथेच राहिला, रेंजवर जाऊन दोन बंदुका चालवल्या आणि त्याला 18 महिन्यांची शिक्षा झाली. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, कारण आपला दर्जा बेकायदा झाल्याचं त्याला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं होतं. तोवर तुरुंग भोगून झाला होता.

ज्यांचं कागदपत्र पक्कं आहे त्यांनी जरूर शिकावं. पण घाई नको. 6.5 क्रीडमूरची गोळी 100 यार्डांवर शून्य केली, तर 1000 यार्डांपर्यंत ती साधारण पंचवीस फूट खाली येते. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला सहा फुटांच्या आसपास बाजूला ढकलतो. उताराचा हिशोब फोनवर होतो, वाऱ्याचा होत नाही. तो गवताकडे आणि मृगजळाकडे बघत वर्षानुवर्षं शिकावा लागतो. म्हणून पहिलं वर्ष .22 ची साधी रायफल आणि विकतची काडतुसं यावर काढावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी काडतुसं भरायचं खूळ त्याच्या नंतरचं. वापरलेली पितळी पुंगळी डायमध्ये दाबून मापात आणायची, जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, दारू तोलून भरायची (आजीला फोनवर हा शब्द सांगू नका), मग वर गोळी बसवायची. दारू ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात 7000 ग्रेन. दशांश ग्रेनचाही हिशोब ठेवावा लागतो. लोक म्हणतात पैसे वाचतात. मला तसं वाटत नाही, वाचलेल्या पैशांत माणूस दुप्पट बार उडवतो. खरा फायदा म्हणजे प्रत्येक काडतूस सारखं होतं. छापील मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासूनच चढत जायचं, टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवायचा. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. प्रायमरच्या धुरात आणि काजळीत शिसं असतं, तेव्हा हे टेबल स्वयंपाकघरात नको आणि रांगतं मूल असलेल्या घरात तर कुलूपबंद खोलीतच हवं. हात धुतल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही.

आता भारतातल्या नातेवाइकांसाठी. मुलगा सुट्टीला येताना रेंजवर नेलेलीच सॅक घेऊन निघतो, आणि एखादं जिवंत काडतूस तळाच्या कप्प्यात राहून जातं. मुंबई-दिल्लीच्या विमानतळावर ते स्कॅनरमध्ये दिसलं की 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदतात. काडतूस बॅगेत असल्याची जाणीवच नव्हती म्हणून उच्च न्यायालयांनी अशी प्रकरणं रद्द केली आहेत, पण तोपर्यंत परतीचं विमान गेलेलं असतं, वकील लागतो, नोकरीवर उत्तर द्यावं लागतं. शूटिंगची बॅग वेगळीच ठेवायला सांगा. तिच्यातून चितळ्यांची बाकरवडीही आणायची नाही.